हात उतरवताना

पडदे शिवणाऱ्या बाया पुष्कळ असतात. पण शिवलेले पडदे गिऱ्हाइकाच्या घरी घेऊन जायचे, शिडीवर चढून दांडी बसवायची, रिंगा ओवायच्या आणि खाली उतरून, चार पावलं मागे जाऊन, मान वाकडी करून चुण्या सारख्या पडल्यात का ते बघायचं, एवढं सगळं एकटीने करणारी त्या भागात ती एकच होती. म्हणून तिला कुणी शिंपीण म्हणत नसे. पडदेवाली म्हणत. तिचं म्हणणं असं, की टेबलावर असतं ते नुसतं कापड. खिडकीवर चढलं की त्याचा पडदा होतो. आणि तो वाकडा पडला तर लोक शिवणाऱ्याला नावं ठेवतात, टांगणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यापेक्षा दोन्ही कामं आपल्याच हातची बरी.

अशी सव्वीस वर्षं गेली आणि एक्कावन्नाव्या वर्षी तिचा उजवा खांदा दुखायला लागला.

आधी केसांना मागून चिमटा लावताना कळ यायची. मग बाहीत हात घालताना. मग त्या कुशीवर झोपणं बंद झालं. खांद्याच्या दुखण्याला औषधं कमी आणि सल्लागार फार. एका गिऱ्हाइकाने शेकायला सांगितलं, दुसरीने बर्फ लावायला. पडदेवालीने दोघींचं मन राखलं, त्यामुळे एका आठवड्यात खांदा भाजलाही आणि गारठलाही. मलमं झाली. दोन इंजेक्शनं झाली. पहिल्याने दोन महिने सुख दिलं, दुसऱ्याने दोन आठवडे. मग कुणीतरी म्हणालं, आराम दे. तिने तीन आठवडे हात पोटाशी धरून आराम दिला. हात रुसलेल्या जावयासारखा झाला, जितकी मनधरणी करावी तितका आखडलेला.

चौदा महिने तिने असे रेटले. पंधराव्या महिन्यात एका निवृत्त न्यायाधीशांच्या घरी काम निघालं. लांबट खोली, रस्त्याकडे तीन खिडक्या, गडद तांबड्या मखमलीचे पडदे, आतून जाड अस्तर. एकेक पडदा लहान पोराएवढा जड. दोन खिडक्या तिने दात-ओठ खात पुऱ्या केल्या. तिसऱ्या खिडकीशी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहिली, मखमल डाव्या खांद्यावर टाकली, पहिली रिंग उजव्या हातात घेतली आणि हात वर न्यायला गेली. हात खांद्याच्या उंचीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिने पुन्हा जोर लावला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हात तसूभर हलला नाही. खाली न्यायाधीश खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

ती हळूहळू खाली उतरली, पडद्याची घडी घातली आणि म्हणाली, "तीन रिंगा कमी पडल्या बघा. शनिवारी येऊन लावून जाते."

रिंगांचा डबा शिडीखाली उघडाच पडला होता, निम्म्यापर्यंत भरलेला. न्यायाधीशांनी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ज्यांचा जन्म खोट्या साक्षी ऐकण्यात गेला ते गृहस्थ फक्त "बरं" म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

शनिवारी तिचा नवरा तिच्याबरोबर गेला आणि त्याने तो पडदा टांगून दिला. दोन बोटं वाकडा पडला. न्यायाधीशांना तो दिसला नाही. तिला मात्र दिसला, आणि घरी परतताना वाटेत ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी उद्या दवाखान्यात जाते."

"उद्या रविवार आहे," नवरा म्हणाला.

"मग परवा. पण आता जाते."

दवाखान्यात तिला व्यायामाच्या विभागात पाठवलं. तिथला माणूस पन्नाशीचा, सडपातळ, डोक्यावर चार केस राखून असलेला. त्याने तिचा हात पुढून वर केला, बाजूने वर केला, मागे वळवला, कुठे ओय म्हणते ते बघितलं आणि विचारलं, "वर नेताना दुखतं ना?"

"वर नेताना जीव जातो."

"मग वर नेऊ नका. खाली आणा."

पडदेवालीला वाटलं, ह्या माणसाने आपलं ऐकलंच नाही. "खाली आणायचा म्हणजे आधी वर न्यायलाच हवा ना?"

"न्यायला हवा. पण तुम्ही नाही न्यायचा. या डाव्या हाताने उचलून द्यायचा, नाहीतर दुसऱ्या कुणी. मग आधार सोडायचा आणि उजव्या हाताने एकट्याने खाली यायचं. सावकाश. पाच आकडे मोजत." आणि तो जिन्याचं उदाहरण द्यायला लागला. जिना चढताना मांडी आखडून जोर लावते. उतरताना तीच मांडी लांबत लांबत शरीराचा भार सांभाळते. काम दोन्ही वेळेला होतं, पण जात वेगळी. खांद्यातला स्नायू हाडाला जिथे बांधलाय तो दोर तुमचा झिजलाय. त्याला नुसता आराम दिला तर तो आणखी ढिला पडतो. त्याला ओझं द्यायचं, पण उतरवण्याचं.

"दुखेल?"

"दुखेल. दहात पाचापर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरलेलं हवं. नाही ओसरलं तर ओझं कमी करायचं. पंधरा वेळा, असे तीन फेरे. सकाळी आणि संध्याकाळी. बारा आठवडे."

"आणि मग बरं वाटेल?"

"बारा आठवडे झाल्यावर विचारा."

त्याने तिच्याकडून चारदा करून घेतलं. चारही वेळा तिचा खांदा कानाला जाऊन लागला. पाचव्यांदा त्याने मागे उभं राहून खांदा तळव्याने खाली दाबून धरला. "हे असं कुणीतरी धरायला हवं. नाहीतर तुम्ही मानेने हात उतरवाल आणि दोन महिन्यांनी मान दाखवायला याल. घरात कोण आहे?"

"नवरा आहे," पडदेवाली म्हणाली.

नवरा होता, पण शनिवार-रविवार. शिलाई मशिनं दुरुस्त करणारा मिस्त्री तो. गावोगावच्या कारखान्यांतून फिरायचा. सोमवारी पहाटे निघायचा तो शुक्रवारी दिवे लागताना यायचा. त्या सोमवारी मात्र दवाखान्यात काय सांगतात ते ऐकायला तो दुपारपर्यंत थांबला होता. निघण्यापूर्वी त्याने मोठ्या हौसेने दोन वेळा हात उचलून दिला, खांदा दाबला, "एकदम ढिला सोडू नकोस, दोरा तुटतो" असा मशिनवाल्याचा सल्लाही दिला आणि पिशवी उचलून गेला. जाताना दारातून म्हणाला, "बाकीचे दिवस आक्का आहेच की."

आक्का होत्या, हे खरंच होतं. आतल्या खोलीत होत्या, पाच वर्षं होत्या.

आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. पडदेवाली त्यांना लग्न झाल्यापासून वन्सं म्हणायची. वन्संनी लग्न केलं नाही. एकतीस वर्षं टायपिंगच्या क्लासात शिकवलं. हातात लाकडी पट्टी घेऊन टेबलावर ठोका धरायच्या आणि वीस जणी त्या ठोक्यावर बोटं चालवायच्या. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि क्लासही बंद पडत आला होता. वन्संनी नोकरी सोडली. चार वर्षं दोघी नणंद-भावजयींनी मिळून त्या म्हातारीचं केलं. वन्संनी औषधं, जेवण, रात्रीची जाग. पडदेवालीने चादरी, अंघोळ. कूस बदलायला दोघी. भांडायलाही वेळ मिळाला नाही.

सासूबाई गेल्या त्याला दहा-बारा दिवस झाले असतील. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, काम घ्याल का म्हणून. पडदेवाली म्हणाली, "घेते ना. घरातलं आजारपण संपलं आता. सुटले एकदाची." फोन ठेवून वळली तर वन्सं दारात उभ्या, हातात धुतलेल्या चादरींची चळत. वन्संनी चादरी कपाटात ठेवल्या, कपाट लावलं आणि आतल्या खोलीत गेल्या.

भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. ते झालंच नाही. वन्संनी ऐकलं हे पडदेवालीला माहीत, तिला ते माहीत आहे हे वन्संना माहीत. आणि दोघींची अळीमिळी गुपचिळी. त्या दिवसापासून घरात बोलणं राहिलं ते एवढंच: "चहा ठेवलाय." "दूध संपलं." "तुमचं पत्र आलंय." नवऱ्याला वाटायचं, घरात किती शांतता आहे.

सोमवारी संध्याकाळी पडदेवाली बाहेरच्या खोलीत, शिवणाच्या टेबलापाशी, आरशासमोर बसली. डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरून वर नेला, सोडला, मोजायला लागली. आरशात बघते तर खांदा कानाशी. पुन्हा केला. पुन्हा कानाशी. तिसऱ्यांदा मागून आवाज आला.

"खांदा वर चाललाय."

वन्सं चहाचा कप विसळायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या नाहीत, स्वयंपाकघरात गेल्या. नळ वाहिल्याचा आवाज आला, बंद झाला. मग त्या पदराला हात पुसत परत आल्या आणि तिच्यामागे उभ्या राहिल्या.

"कुठे दाबायचं?"

पडदेवालीने डाव्या हाताने जागा दाखवली. वन्संचा हात तिच्या खांद्यावर आला. कोरडा, गार हात. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"किती मोजायचं?"

"पाच."

"कुठल्या वेगाने पाच?" वन्सं म्हणाल्या. "पाच म्हटलं की झालं नाही. घड्याळाचे पाच की तुझे पाच?"

"सावकाश म्हणालेत."

"सावकाश हा काही आकडा नाही," असं म्हणून वन्संनी तिचा हात मनगटाशी धरून अलगद वर नेला, सोडला आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. प्रत्येक आकड्यामध्ये तेवढंच अंतर, जणू टेबलावर पट्टी पडतेय. पडदेवालीचा हात कापत कापत त्या आकड्यांवरून खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलापाशी आली तर वन्सं आधीच खुर्चीमागे उभ्या होत्या. टेबलावर एक कागद होता, टाइप केलेला. चौऱ्याऐंशी ओळी, बारा आठवड्यांच्या. प्रत्येक ओळीत तारीख आणि पुढे तीन रकाने: सकाळ, संध्याकाळ, उठल्यावर.

"आकडा सांग," वन्सं म्हणाल्या. "उठल्यावर किती दुखत होतं? दहापैकी."

"चार असेल."

"असेल नको. चार की पाच?"

"चार."

चार लिहिलं गेलं.

दवाखान्यातल्या माणसाला वन्सं कधी भेटल्या नव्हत्या, पण ऐकून ऐकून त्यांनी त्याचं नाव सावकाश डॉक्टर ठेवलं. पहिला आठवडा रिकाम्या हाताने गेला. दुसऱ्या आठवड्यापासून पाण्याची अर्धी बाटली हातात आली. तिसऱ्या आठवड्यात खांदा असा ठणकायला लागला की पडदेवालीला वाटलं, होतं ते बरं होतं. गुरुवारी सकाळी तिने बाटली टेबलावर आपटली. "बास झालं. बऱ्यासाठी करतेय की वाईटासाठी तेच कळत नाही."

"काल संध्याकाळी किती होतं?"

"सहा."

"आज उठल्यावर?"

पडदेवालीने विचार केला. "चार."

"म्हणजे ओसरलं."

"वन्सं, दुखतंय मला!"

"ते दिसतंय. तू चार म्हणतेस तेव्हा तुझा चेहरा सात म्हणतो, हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय. मी तुझा आकडा लिहिते, चेहऱ्याचा नाही." त्यांनी बाटलीतलं दोन घोट पाणी कुंडीत ओतलं आणि ती परत तिच्या हातात दिली. "सहा झालं म्हणून एवढं कमी. चल. एक."

रागारागाने तिने हात खाली आणला. त्या दिवशी पंचेचाळीसच्या पंचेचाळीस झाले. रागाला एक बरं असतं, तो आकडे मोजत नाही.

असे दिवस जाऊ लागले. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, दोघी एका आरशासमोर. पण वन्सं मागे उभ्या असल्यामुळे आरशात त्यांचा फक्त पोटापर्यंतचा भाग दिसायचा आणि खांद्यावरची चार बोटं. बोलणं म्हणजे आकडे. फेऱ्यांच्या मध्ये मिनिटभर थांबायचं असायचं, तेव्हा दोघी खिडकीबाहेर बघायच्या. समोरच्या इमारतीतला एक म्हातारा रोज त्याच वेळी गॅलरीत बसून बूट पुसायचा. चौथ्या आठवड्यात वन्सं म्हणाल्या, "याला एवढं कुठे जायचं असतं?" पाचव्या आठवड्यात पडदेवाली म्हणाली, "आज तपकिरी." एवढी प्रगती.

सहाव्या आठवड्यातली गोष्ट. बाहेर ढगाळ होतं, खोलीत दिवा लावावा की नको असा उजेड. दुसरा फेरा चालू होता. वन्संनी हात वर नेऊन दिला, पण सोडला नाही. मनगट तसंच धरून म्हणाल्या, "आईची कूस बदलताना आपण अशाच उभ्या राहायचो. तू खांद्याशी, मी पायाशी."

पडदेवालीचा हात वरच. खांद्यात कळ चढत होती.

"तेव्हाच गेलाय हा खांदा," वन्सं म्हणाल्या. "पडद्यांनी नाही गेला. चार वर्षं रोज सहा वेळा. मी मोजलंय."

"पडद्यांनीही गेलाच असेल की."

"असेल."

मग त्यांनी मनगट सोडलं आणि मोजायला लागल्या. एक. दोन. तिनाला पडदेवाली म्हणाली, "वन्सं, तुम्ही ऐकलंत ना तेव्हा? फोनवर मी म्हटलं ते?"

चार आलंच नाही. हात अर्ध्यात, बाटलीसकट, अधांतरी.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे खांदा दाबला होता. शिवाय पाठीमागच्या माणसाशी बोलायला धीर कमी लागतो. समोर फक्त आपलंच तोंड असतं.

"ऐकलं," वन्सं म्हणाल्या.

"मी म्हटलं होतं सुटले म्हणून. खोटं कशाला सांगू, सुटलेच होते. त्या गेल्या त्या दुपारी मी झोपले ती थेट दुसऱ्या दिवशी उठले. चार वर्षांत तशी झोप नव्हती लागली. पण त्यांना कधी काही कमी केलं नाही हो मी. तुम्ही बघत होतात. तुम्हाला नव्हतं वाटलं सुटल्यासारखं? एकदाही?"

खांद्यावरची बोटं हलली नाहीत. समोरच्या गॅलरीत कुणी नव्हतं. वन्सं बोलल्या तेव्हा आवाज नेहमीचाच होता, क्लासात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, फक्त जरा खाली.

"वाटलं होतं. तुझ्याआधी वाटलं होतं. त्या पहाटे श्वास थांबला तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि पहिला विचार आला की आता चारचं औषध द्यायला नको. मला वाटलं, हे फक्त माझ्याच मनात आलं. मुलगी असून. मग तू फोनवर बोललीस, इतकं मोकळं, हवापाण्याचं बोलावं तसं. मला राग आला. तुला बोलता येतं आणि मला येत नाही, त्याचा आला."

"पाच वर्षं?"

"राग काही पाच वर्षं टिकला नाही. तो दोन महिन्यांत गेला. नंतर सुरुवात कुठून करायची तेच कळेना."

पडदेवालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते खांद्यामुळे की कशामुळे, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ती म्हणाली, "वन्सं, हात खाली आणू का? आठ झालंय आता."

"अगं बाई!" वन्सं एकदम म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी तिचा हात झेलला. बाटली खाली पडली, फरशीवर पाणी झालं. ते पुसायला दोघी एकदमच वाकल्या. त्या संध्याकाळच्या रकान्यात वन्संनी आठ लिहिलं नाही. रकाना मोकळाच राहिला. सबंध कागदावर तेवढा एकच.

त्यानंतर घरात फार मोठं काही बदललं असं नाही. दोघींनी गळ्यात गळे घातले नाहीत. पण फेऱ्यांच्या मधल्या मिनिटाचं दीड मिनिट झालं, मग तीन झाली. वन्सं आईच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागल्या, ज्या पडदेवालीने कधी ऐकल्या नव्हत्या. पडदेवाली गिऱ्हाइकांच्या सांगायची: कोणाच्या घरात नवरा-बायकोचे पडदेसुद्धा वेगवेगळ्या रंगाचे, कोणी पडदा लावून घेतला आणि खिडकीच उघडायची बंद केली. शुक्रवारी नवरा आला तर घरात बोलण्याचा आवाज. तो दारातच थांबला आणि म्हणाला, "कोण आलंय?"

"कुणी नाही. सत्तावीस," आतून वन्सं म्हणाल्या.

नवव्या आठवड्यात पडदेवालीने माती खाल्ली. एका नाचाच्या क्लासचा हॉल होता, घाईचं काम. सावकाश डॉक्टरने शिडीला अजून हात लावायचा नाही असं बजावलं होतं. पण खांदा आता रात्री उठवत नव्हता, केसांना चिमटा लागत होता, आणि माणसाला बरं वाटायला लागलं की डॉक्टर आठवत नाही. ती गेली, चढली, दोन जड पडदे स्वतः टांगले. टांगताना फारसं दुखलंही नाही. घरी येताना ती मनात गाणं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बाही चढवता येईना.

"आकडा," वन्सं म्हणाल्या.

"सात."

"चेहरा दहा म्हणतोय. काल कुठे गेली होतीस?"

"कापड बघायला."

"कापड बघून कुणाचा आकडा सात होत नाही." वन्संनी पेन खाली ठेवलं. "मला खोटं सांगितलंस तर काही बिघडत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण या कागदावर खोटं लिहायला लावू नकोस. एवढे दिवस यात एकही खोटा आकडा नाही."

पडदेवालीने शिडीचं सांगितलं. वन्संनी तिला बोल लावला नाही. त्यांनी बाटली उचलली आणि सगळं पाणी कुंडीत ओतलं. त्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. सावकाश डॉक्टरने खांदा तपासला, वन्संचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, तो मोकळा रकाना बघून भुवया उचलल्या आणि म्हणाला, "दोरी तुटलेली नाही, रागावली आहे. चार दिवस रिकामा हात, मग आठवडाभर अर्धी बाटली, मग पहिल्यासारखं. बारा आठवड्यांचे चौदा धरा." आणि कागद परत देताना वन्संना म्हणाला, "इथे नोकरी करता का?"

"एकतीस वर्षं केली," वन्सं म्हणाल्या. "आता घरच्या घरी पुरे."

पण जिना उतरताना त्या जराशा ताठ चालत होत्या, हे पडदेवालीने बघितलं.

चौदा आठवडे झाले. शेवटच्या तपासणीला पडदेवालीने हात पुढून वर नेला तो कानाला टेकला, बाजूने नेला तो अगदी थोडा कमी. सावकाश डॉक्टरने विचारलं, "आता सांगा. काय काय जमतं?"

"रात्री जाग येत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढता येतो. कात्री चालवताना काही होत नाही. हलके पडदे टांगते. जड घेऊन चढले की आतून कुणीतरी टोचल्यासारखं होतं."

"मग जड घेऊन चढू नका."

"कायमचं?"

"तुम्ही बावन्न वर्षांच्या आहात. खांदाही बावन्नचाच आहे. तो नवा करून मिळत नाही, कामाला लावून मिळतो. आठवड्यातून तीनदा हे चालू ठेवा."

हे ऐकून पडदेवालीने दोन दिवस नवं काम घेतलं नाही. सव्वीस वर्षं जे दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं ते आता द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी तिने गल्लीतल्या सुताराच्या बायकोला बोलावलं. दणकट बाई, उंचीची भीती नाही, आणि महिनाभर घरी बसून कंटाळलेली. जड पडद्यांना शिडीवर ती चढायला लागली. पडदेवाली खाली उभी राहून, मान वाकडी करून, "डावीकडे बोटभर... आता सोड" असं सांगायची. पहिले काही पडदे वाकडे पडले. ते उतरवले, पुन्हा टांगले. सुताराची बायको म्हणाली, "बाई, तुमच्या डोळ्यांत ओळंबा आहे का?" पडदेवालीला ते फार आवडलं.

मापं घ्यायला मात्र ती स्वतःच जायची. एका शनिवारी, नवरा त्या आठवड्यात आला नव्हता आणि वन्सं घरात एकट्याच होत्या, म्हणून ती म्हणाली, "वन्सं, येता का? आकडे लिहून घ्यायला कुणीतरी लागतं." लागत नव्हतं, ती आजवर स्वतःच लिहायची. वन्संनी चप्पल घातली.

घर नव्या जोडप्याचं होतं. बैठकीच्या खोलीत एक मोठी खिडकी, खाली शाळेचं मैदान, मुलं चेंडू खेळत होती. नवरा म्हणत होता पडदे गडद निळे हवेत, बायको म्हणत होती करडे. दोघं गोडीगुलाबीत, पण ठाम. पडदेवाली अशा वेळी मध्ये पडत नसे, हा तिचा धंद्याचा नियम. ती छोट्या स्टुलावर चढली आणि टेप काढली.

वन्सं वही घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी जन्मात कधी पडद्याबद्दल मत दिलं नव्हतं. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "निळा नको आणि करडाही नको. पांढरा पातळ घ्या. समोर मैदान आहे, मुलं दिसू द्यात की. काळोख करून काय करणार आहात?"

मग ती मुलगी हसायला लागली. नवऱ्याने मैदानाकडे बघितलं आणि म्हणाला, "पांढरा मळेल हो."

"मळला की धुवायचा," वन्सं म्हणाल्या.

पडदेवालीने उजवा हात वर नेला, टेपचं टोक दांडीच्या कोपऱ्याशी दाबून धरलं आणि खाली बघून आकडा सांगितला. वन्संनी तो एकदा मोठ्याने म्हणून दाखवला, आणि मग लिहिला.